दांडा सोडल्यावर तार कुठे थांबते

दुकानात गिटारच्या ट्रेमोलोची, म्हणजे दांड्याने तारांचा सूर वर-खाली हलवणाऱ्या यंत्रणेची, परीक्षा बहुतेक जण एकाच पद्धतीने घेतात. दांडा खाली दाबायचा, तारा पार लोळेपर्यंत दाबायचा, आणि आवाज किती खोल गेला ते ऐकायचं. या परीक्षेत कुठलाही ट्रेमोलो पास होतो, अगदी स्वस्तातल्या पहिल्या गिटारवरचासुद्धा. कस लागतो तो दांडा सोडल्यावर, आणि तो बघायला कानापेक्षा ट्यूनर बरा, कारण खोल डाइव्हनंतर (दांडा दाबून सूर असा खाली पाडल्यावर) कानही दोन-चार सेकंद भांबावलेला असतो.

यामागचे आकडे एकदा समजून घेतले की निवडीतला बराच गोंधळ आपोआप संपतो. ६४८ मिमी स्केलची गिटार धरू, म्हणजे मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांत बसतात त्या नटपासून बॉडीवरच्या ब्रिजपर्यंत तेवढं अंतर, आणि तारांचा दहाचा सेट (१० ते ४६, म्हणजे सगळ्यात पातळ तार ०.०१० इंच, सगळ्यात जाड ०.०४६). तिसरी तार, म्हणजे जी, ०.०१७ इंच जाडीची साधी पोलादी तार असते आणि तिच्यावर साधारण साडेसात किलोचा ताण असतो. हिला सा मानलं, तर कोमल गंधारापर्यंत, म्हणजे तीन अर्धस्वर चढवायला ताण चाळीस टक्क्यांनी वाढवावा लागतो. आकडा मोठा वाटतो. पण तेवढ्यासाठी तार लांबीत ताणली जाते ती जेमतेम ०.८ मिमी. एका अर्धस्वराला पाव मिलीमीटर पुरतो. हाच हिशेब खाली नेला तर दहा सेंटचा (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) बेसूरपणा, जो कॉर्डमध्ये, म्हणजे एकत्र वाजवलेल्या स्वरांत, कुणालाही खटकतो, तो ०.०२५ मिमीवर येतो. माणसाचा केस साधारण ०.०७ मिमी जाड असतो. नटच्या खाचेत तार अर्ध्या केसाहूनही कमी अडकली तरी गिटार सुरातून जाते, ती अशी.

म्हणून ट्रेमोलो विकत घेताना ब्रिजच्या चकाकीकडे आणि त्याखालच्या धातूच्या ब्लॉकच्या वजनाकडे बघण्याआधी एकच गोष्ट विचारायची: तार जिथे जिथे घासते त्या जागा किती, आणि या यंत्रणेने त्यांचं काय केलंय? फेंडर, बिग्सबी, फ्लॉइड रोझ, या तिन्ही घराण्यांची या प्रश्नाला तीन वेगवेगळी उत्तरं आहेत. प्रत्येक उत्तराची किंमत दांडा हातात नसताना मोजावी लागते.

आकड्यांतून आणखी एक गोष्ट निघते. दांड्याने सहाही तारा जवळपास सारख्याच अंतराने ढिल्या किंवा ताठ होतात, पण प्रत्येक तार त्याला वेगळा प्रतिसाद देते. तारेतलं पोलाद किती जाड आणि तिच्यावर ताण किती, या प्रमाणावर ते ठरतं. दहाच्या सेटमध्ये पातळ ई (पहिली तार) एक अर्धस्वर चढते तेवढ्यात बी (दुसरी) जवळपास दोन चढते आणि जी जवळपास तीन. जाड ई (सहावी) वरून गुंडाळलेली असली तरी तिचा गाभा बराच जाड असतो, त्यामुळे तीही जीच्या बरोबरीने हलते. कॉर्ड धरून दांडा खोल दाबला की कॉर्डचं कॉर्डपण मोडतं ते यामुळे, आणि कितीही महागडा ब्रिज बसवला तरी ते मोडणारच. हलकं थरथरवलं तर मात्र तारांमधला हा फरक कानाला गोड लागतो. कार्ल व्हर्हेयनसारखे वादक याचा उलटा फायदा घेतात. दांडा वर ओढून ब्रिज लाकडाला टेकला की जी तीन अर्धस्वर, बी दोन आणि ई एक अर्धस्वर चढेल, असं ब्रिजचं तरंगणं (लाकडापासून वर राहणं) ते बेतून ठेवतात. मग मुक्कामाचा सूर दर वेळी ठरलेला मिळतो. मींड काढू पाहणाऱ्याने हे आधी करून बघावं, बोटाने तार ओढून केलेल्या बेंडपेक्षा वेगळीच वाट मोकळी होते.

सगळ्या तारा एका प्रमाणात हलवणारा ट्रेमोलोही झालेला आहे. गिटार घडवणाऱ्या नेड स्टाइनबर्गरने १९८० च्या दशकात ट्रान्सट्रेम आणला. त्यावर अख्खी कॉर्ड सुरात राहून वर-खाली जाते, वरच्या-खालच्या पट्टीत लॉकही होते. पण त्याला दोन्ही टोकांना गोळी (तार अडकवायचा मणी) असलेल्या, खास मापाच्या तारा लागतात. यंत्र अफलातून, पण तारा मिळवण्यात निम्मा जन्म जायचा.

आता फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर (थोडक्यात स्ट्रॅट) गिटारचा ब्रिज. लिओ फेंडरने १९५४ साली आणलेली ही रचना आजही सगळ्यात जास्त गिटारींवर आहे, आणि सगळ्यात जास्त शिव्याही हिलाच पडतात. पुढच्या बाजूला सहा स्क्रू, त्यांवर कलणारी पत्र्याची पट्टी, खाली लोंबणारा धातूचा ब्लॉक, आणि मागच्या पोकळीत त्या ब्लॉकला गिटारच्या मानेकडे ओढणाऱ्या तीन ते पाच स्प्रिंगा. तारा एका बाजूने ओढतात, स्प्रिंगा दुसऱ्या बाजूने. हा तराजू आहे, आणि त्याचे सगळे गुणदोष तराजूचेच आहेत. एका पारड्यात काहीही बदललं तर काटा हलणारच.

नवाच्या सेटचा (९ ते ४२) एकूण ताण साधारण साडेअडतीस किलो असतो, दहाच्या सेटचा सत्तेचाळीसच्या आसपास. तारांचं पाकीट बदललं की साडेआठ किलो वाढले. ब्रिज पुढे झुकतो, तारा मानेवरच्या बोर्डापासून उंच होतात, इंटोनेशन (बोर्डावर वर दाबलेला स्वरही खरा लागणं) सरकतं, आणि लोक म्हणतात की ट्रेमोलो खराब झाला. त्याला काहीही झालेलं नसतं. मागचं झाकण काढून क्लॉचे, म्हणजे स्प्रिंगा अडकवलेल्या पट्टीचे, दोन स्क्रू आत घ्यायचे, एवढंच काम असतं.

हे काम घाईचं मात्र नाही. नव्या तारा लावून, हाताने दोन-तीनदा ओढून सुरात आणाव्यात. फेंडरच्या मापाप्रमाणे ब्रिजची मागची कड लाकडापासून ३.२ मिमी वर तरंगायला हवी. तेवढ्या जाडीची जुन्या कार्डांची चळत कडेखाली धरावी. ब्रिज जास्त उचललेला असेल तर क्लॉचे दोन्ही स्क्रू पाव-पाव फेरी आत, बसलेला असेल तर पाव फेरी बाहेर. मग पुन्हा सहाही तारा सुरात. मग पुन्हा पाव फेरी. पहिली तार लावून सहावीपर्यंत पोचलं की पहिली पुन्हा बिघडलेली असणार. पाच-सहा वेळा हे चक्र फिरल्यावर चळत जेमतेम सरकेल अशी जागा सापडते. क्लॉचे स्क्रू लाकडात तिरके जातात, म्हणून बसकट, मोठा स्क्रू ड्रायव्हर घ्यावा. लहान घेतला की डोकं झिजतं आणि मग तो स्क्रू काढणं हा स्वतंत्र उद्योग होतो. क्लॉवर अर्थची एक वायर डाग देऊन जोडलेली असते. ती तुटली तर गिटार गुणगुणायला लागते, आणि दोष पिकअपवर ढकलला जातो.

पुढच्या सहा स्क्रूंबद्दल तर गैरसमजच जास्त. सहाही स्क्रू करकचून आवळले की पट्टीला कलायला जागाच राहत नाही, ती स्क्रूच्या मानेत अडकते आणि दर वेळी वेगळ्या जागी परत येते. बाहेरचे दोन स्क्रू पट्टीला नीट धरतील इतपत ठेवून मधले चार थोडे सैल ठेवले तरी पुरतं. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात फेंडरने स्वतःच दोन खांबांचा ब्रिज आणला. त्यात घासायच्या जागा सहावरून दोनवर आल्या आणि पट्टीला खांबांवर टेकायला धार मिळाली. नवी गिटार घेताना दोन्ही पर्याय समोर असतील तर मी दोन खांबांचा घ्यायला सांगेन. पण सहा स्क्रूंचा नीट बसवलेला असेल तर केवळ सुरासाठी तो काढून दोन खांब ठोकण्यात अर्थ नाही. पैसे नटवर घालवावेत.

स्प्रिंगांच्या संख्येवर वाद घालणाऱ्यांना एक सांगावंसं वाटतं. तारांचा ताण तोच असेल तर स्प्रिंगांची एकूण ओढही तेवढीच असावी लागते, स्प्रिंगा तीन असोत की पाच. फरक पडतो तो कडकपणात. पाच स्प्रिंगा कमी ताणलेल्या असतात, एकत्रितपणे कडक लागतात, दांडा जड होतो, पण एक तार बेंड केली तर बाकीच्या कमी उतरतात. तीन स्प्रिंगा जास्त ताणलेल्या, मऊ लागतात. दांडा बोटभर जोराने हलतो, पण बेंड करताना शेजारच्या तारा जास्त घसरतात. ब्लूज किंवा कंट्री वाजवणारा, एक तार स्थिर ठेवून दुसरी ओढणारा माणूस तरंगत्या ब्रिजवर कायम वैतागलेला दिसतो तो याच कारणाने. पंजा ब्रिजवर टेकवून पाम म्यूट करणाऱ्याचंही (तारा दबक्या वाजवणाऱ्याचंही) तेच. तळहाताचा भार पडला की सूर चढतो.

अशा वादकाने ब्रिज लाकडाला टेकवून टाकावा. चार किंवा पाच स्प्रिंगा, क्लॉ आत, इतका की जी तार पूर्ण स्वराने ओढली तरी मागची कड उचलली जाऊ नये. दांडा फक्त खाली जाईल, वर नाही. बदल्यात तार तुटली तर उरलेल्या पाच सुरात राहतात, गाणं पुरं होतं. याच्याही पुढे जायचं तर एरिक क्लॅप्टनसारखं ब्लॉक आणि पोकळीची भिंत यांच्यात लाकडाचा ठोकळा बसवून ट्रेमोलो बंदच करायचा. स्ट्रॅट घेऊन ट्रेमोलो बंद करण्यात काहीही कमीपणा नाही.

ब्रिज बदलायचाच असेल तर ऑर्डर देण्याआधी मोजपट्टी घेऊन बसावं. बाहेरच्या दोन स्क्रूंच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजायचं. जुन्या फेंडर मापात ते ५६ मिमीच्या किंचित वर असतं, आशियाई बनावटीच्या अनेक गिटारींत ५२ ते ५४. दोन मिमीचा फरक म्हणजे जुनी भोकं बुजवून नवी पाडणं. मग बॉडीची जाडी. पूर्ण जाडीची स्ट्रॅट ४४-४५ मिमी असते. स्वस्त मॉडेलांपैकी काहींची बॉडी ४० च्या आसपास असते, आणि तिच्यात पूर्ण लांबीचा ब्लॉक घातला की तो मागून बाहेर डोकावतो, झाकण बसत नाही, पोटाला टोचतो. तिसरं माप दांड्याच्या आट्यांचं. अमेरिकी फेंडरचे आटे १०-३२ या इंची मापाचे, तर बऱ्याच आयात ब्रिजांत ५ किंवा ६ मिमीचे मेट्रिक. चुकीचा दांडा पहिल्या दोन फेऱ्या गोड बोलून आत जातो, मग जाम होतो, आणि जस्ताच्या ब्लॉकमधले आटे घेऊनच बाहेर येतो. पोलादी ब्लॉकचा खरा फायदा मला इथे दिसतो. आवाजात फरक पडत असेलही, पण आटे टिकतात हे नक्की.

या ब्रिजची घासायची मुख्य जागा ब्रिजवर नसून दुसऱ्या टोकाला आहे. दांडा दाबला की बोर्डावरची तार सैल पडते. नट ते खुंटी या तुकड्यात अजून ताण असतो, म्हणून तो थोडी तार आपल्याकडे ओढून घेतो. दांडा सोडल्यावर ती तार परत यायला हवी. खाच अरुंद असेल तर ती येत नाही, आणि तार चढलेली राहते. बेंडनंतर नेमकं उलटं: ओढलेली तार नटपलीकडून अलीकडे आलेली असते, परत जात नाही, आणि सूर उतरलेला राहतो. यावरून निदान सोपं होतं. डाइव्हनंतर एकच तार चढली तर नट बघा, त्यातही आधी जीची खाच. सहाही तारा सारख्याच हलल्या असतील तर नटला दोष देऊ नका, ब्रिजचे स्क्रू किंवा धार बघा. ट्यूनिंग करताना नटपाशी ‘टिंग’ असा आवाज आला तर दुसऱ्या पुराव्याची गरजच नाही.

खाच तारेपेक्षा अगदी किंचित रुंद हवी, तळ गोल हवा, आणि तिचा उतार खुंटीच्या दिशेने हवा. नवाच्या सेटसाठी कापलेल्या नटमध्ये दहाचा सेट घातला की तो चिमटा बसतो, हे कारखान्यातून आलेल्या गिटारींवर नेहमी दिसतं. खाचेत पेन्सिलच्या शिशाची पूड घालायची जुनी युक्ती चालते. ग्रॅफाइट किंवा टेफ्लॉन मिसळलेल्या साच्यातला तयार नट त्याहून बरा. खुंटीवर जाड तारांचे दोन-तीन वेढे पुरेत. सहा-सात वेढे घालणारा आपल्याच हाताने स्प्रिंग तयार करत असतो. लॉकिंग ट्यूनर, म्हणजे तार चिमट्यात धरणाऱ्या खुंट्या, वेढ्यांचा प्रश्नच मिटवतात. बी आणि ई यांना दाबून धरणारी हेडस्टॉकवरची (खुंट्या असलेल्या टोकावरची) छोटी चाप ही आणखी एक घासायची जागा, आणि खुंट्या उतरत्या उंचीच्या असतील तर ती काढून टाकता येते. एवढं सगळं केलेला साधा ब्रिज, काहीच न केलेल्या महाग ब्रिजला हरवतो.

फ्लॉइड रोझने या सगळ्याला एकच उत्तर दिलं: तार घासूच द्यायची नाही. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने नटवरच तारा चिमट्यात पकडल्या, पुढे ब्रिजवरही पकडल्या. पेटंट १९७९ चं. तार दोन्ही टोकांना जखडली की नट, खुंटी, वेढे, चाप सगळे हिशेबातून बाद. पण नट लॉक झाल्यावर खुंट्या निकामी होतात, म्हणून ब्रिजवर सूर बारीक जुळवायचे फाइन ट्यूनर आले. पहिल्या नमुन्यांत तेही नव्हते. गिटारवादक एडी व्हॅन हेलनमुळे ही रचना घरोघरी पोचली, पण त्याचा ब्रिज बॉडीला टेकलेला होता, वर जातच नव्हता, ही गोष्ट त्याची नक्कल करणारे विसरतात. जाड ई एका खटक्यात डीवर नेणारी त्याची डी-ट्यूना पट्टी टेकलेल्या ब्रिजवरच चालते. तरंगत्या ब्रिजवर ती ओढली की बाकीच्या पाच तारा चढून बसतात.

फ्लॉइडबद्दल कुणी विचारलं तर मी आधी तारा बदलण्याबद्दल बोलतो, कारण घेणारा डाइव्हच्या स्वप्नात असतो आणि ही बाजू त्याला कुणी दाखवलेली नसते. ब्रिजच्या मागच्या कडेखाली, वरच्या खोबणीत कापडाची जाड घडी सारावी, म्हणजे तारा काढल्यावर तो आत कोसळत नाही. फाइन ट्यूनर सगळे मधोमध आणावेत. नटचे चिमटे ३ मिमीच्या अॅलन कीने सोडवावेत. मग एक-एक तार: जुनी काढायची, नव्या तारेची गोळी कटरने छाटायची, टोक सॅडलच्या (ब्रिजवर तार टेकते त्या भागाच्या) आतल्या छोट्या ठोकळ्यापुढे सरळ खाली घालायचं आणि मागचा लांब स्क्रू आवळायचा. तार तिरकी बसली की सुटते, आणि सुटते ती बहुधा स्टेजवर. स्क्रू आवळताना हात घट्ट लागला की थांबायचं. त्यापुढची अर्धी फेरी ठोकळ्याला भेग पाडते. सहाही तारा लागल्या, ओढून ताणल्या, खुंट्यांनी दोन-तीनदा सुरात आणल्या की घडी काढायची, पुन्हा सुरात आणायचं, शेवटी नट लॉक करायचा. लॉक केल्याबरोबर सूर चढत असतील तर नटमागची आडवी पट्टी वर राहिलेली असते. तार नटवर सपाट बसेल इतकी ती स्क्रूने खाली घ्यायची. पट्टी वर असली की चिमटा तारेला खाली दाबतो आणि त्या दाबानेच ती ताणली जाते.

या सगळ्याचा आधार म्हणजे दोन खांब आणि त्यांना टेकलेल्या दोन धारा. गिटार पूर्ण ताणात असताना तारांची उंची बदलायला खांब फिरवला तर धार खांबावर खरवडली जाते आणि बोथट होते. आधी ताण उतरवायचा, मग खांबाला हात लावायचा. ब्रिज निवडतानाही हेच बघावं: धार कडक पोलादाची आहे की मऊ मिश्रधातूची. मूळ फ्लॉइड जर्मनीत बनतो, १००० मालिका कोरियात. स्पेशल नावाच्या स्वस्त प्रकारात सॅडल आणि ब्लॉक जस्ताच्या मिश्रधातूचे असतात. परवान्याखाली बनलेले कितीतरी जेनेरिक ब्रिज वर्षभर छान चालतात आणि मग सहाही तारांचा सूर एकदम भटकायला लागतो. तेव्हा नट, तारा, स्प्रिंगा बदलत बसण्यापेक्षा धार नखाने चाचपून बघावी. अशा ब्रिजची धार घासून पुन्हा घडवण्यापेक्षा नवी पट्टी परवडते. इबानेझचे एज घराण्यातले ब्रिज, १९८६ पासूनचे, या बाबतीत भरवशाचे मानले जातात, आणि वापरलेल्या गिटारींवर ते सापडतात.

साध्या स्ट्रॅटला फ्लॉइड बसवायचा विचार असेल तर सांभाळून. लाकूड राउटरने खोदावं लागतं, नटची बैठक कापावी लागते, मानेला भोकं पडतात. परत फिरता येत नाही. फ्लॉइड हवा असेल तर फ्लॉइड असलेलीच गिटार घ्यावी.

बिग्सबीकडून वेगळी अपेक्षा ठेवली की तो प्रेमात पाडतो. पॉल बिग्सबी मोटारसायकलच्या कारखान्यात काम केलेला कारागीर होता, आणि त्याने गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिससाठी केलेला हा दांडा आजही थोडा मोटारसायकलचा सुटा भाग वाटतो. एक ठसठशीत स्प्रिंग, एक फिरता रूळ, ॲल्युमिनियमचा सांगाडा. साधारण अर्धा ते एक स्वर वर-खाली, त्याहून जास्त नाही. मघाशी सांगितलेला कॉर्डचा कंप इथे सगळ्यात सुंदर होतो, कारण खोल जायची सोयच नाही. तारांची गोळी रुळावरच्या बारीक खिळ्यात अडकवताना दमछाक होते. तारेचं टोक आधी पेन्सिलीभोवती वळवून त्याला आकडा द्यावा, मग ते जागेवर राहतं. बी-५ आणि बी-७ या मॉडेलांमध्ये तारांना खाली दाबणारा एक जास्तीचा रूळ असतो, आणि घर्षण तिथेच वाढतं. लेस पॉल गिटारवर बी-७ बसवला की मूळ ब्रिजच्या सॅडलवर तारा पुढे-मागे घासतात, म्हणून फिरत्या चाकांच्या सॅडलचा रोलर ब्रिज लावतात. पण त्याआधी नट. तीन-तीन खुंट्यांच्या हेडस्टॉकवर डी आणि जी या तारा नटमधून बाहेर पडताच बाजूला वळतात, आणि दोष तिथेच असतो. लाकडाला भोक न पाडता बसवायचं असेल तर व्हायब्रामेटची पट्टी आहे, किंवा ड्यूसेनबर्गचा लेस ट्रेम, जो मूळ टेलपीसच्या (तारांची टोकं अडकवायच्या पट्टीच्या) दोन खांबांवरच बसतो.

फेंडरचा स्वतःचा दुसरा ट्रेमोलो, जॅझमास्टर गिटारचा, १९५८ चा. मला वाटतं, लोक त्याला उगाच नावं ठेवतात. तो जाड तारांच्या जमान्यात बेतलेला आहे. त्यावर नवाचा सेट घालायचा आणि तारा सॅडलवरून उड्या मारतात म्हणून रडायचं, याला काय अर्थ? अकराचा सेट घाला, मानेच्या सांध्यात पातळ पाचर घालून मान किंचित मागे कलवा आणि ब्रिज उंच करा. तारांचा सॅडलवरचा कोन वाढला की निम्म्या तक्रारी जातात. ब्रिज तारांबरोबर पुढे-मागे डोलतो तो तसाच बेतलेला आहे, तो घट्ट करू नका. वरचं बटण तार तुटल्यावर बाकीच्या सुरात ठेवण्यासाठी आहे. गिटार सुरात असताना ते अलगद सरकलं पाहिजे, अडलं तर मधला मोठा स्क्रू थोडा-थोडा फिरवून जुळवायचं.

काहलरचं नाव ऐंशीच्या दशकातल्या गिटारींवर दिसेल. धारेऐवजी त्यात फिरणारा कॅम असतो, मागची पोकळी लागत नाही, स्पर्श फार मऊ. सुटे भाग हाताशी असतील तरच घ्यावा.

मुंबई, रत्नागिरी, पणजी इथे गिटार ठेवणाऱ्यांना आणखी एक हिशेब असतो, जो परदेशी पुस्तिकांत नसतो. जून ते सप्टेंबर दमट हवेत सॅडलचे उंचीचे बारीक अॅलन स्क्रू गंजून आटून बसतात, आणि दिवाळीत सेटअप करायला घेतला की डोकं गोल होतं. पावसाळ्याआधी प्रत्येक स्क्रू एकेक फेरी हलवून त्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा सुईच्या टोकावरून एक थेंब सोडावा, धारेवरही तेवढाच. खोबरेल नको. थंडीत ते गोठतं, धूळ पकडतं आणि नंतर वास मारतं. नवे स्क्रू घ्यायचेच तर स्टेनलेसचे. मान ओलाव्याने हलली की तरंगत्या ब्रिजची पातळीही हलते, त्यामुळे पावसाळ्यात आधी मान बघायची, मग क्लॉला हात. उलट क्रमाने केलं तर दोन्ही कामं दोनदा करावी लागतात.

मग घ्यायचं काय? दांडा कधीमधीच लागतो, बेंड आणि पाम म्यूट रोजचे, ट्यूनिंग बदलत राहायची सवय असेल, तर टेकलेला स्ट्रॅट ब्रिज, बाकी काही नाही. मींड, हलका कंप, वर-खाली दोन्हीकडे जायचं असेल आणि एकाच ट्यूनिंगमध्ये राहायची तयारी असेल, तर दोन खांबांचा तरंगता ब्रिज, चांगला नट आणि लॉकिंग ट्यूनर. गॉटो किंवा विल्किन्सनचे ब्रिज यात पैसे वसूल करतात. तारा लोळेपर्यंत डाइव्ह आणि लगेच पुढच्या मात्रेवर सुरातला पॉवर कॉर्ड हवा असेल तर फ्लॉइडला पर्याय नाही. पण मग ट्यूनिंग बदलायला दुसरी गिटार ठेवावी. अर्धपोकळ गिटार आणि लांबणारे कॉर्ड असतील तर बिग्सबी.

वापरलेली गिटार बघायला जाताना क्लिपचा ट्यूनर आणि एक अॅलन कीचा जुडगा बरोबर न्यावा. आधी सुरात आणा, मग दांडा तीनदा पूर्ण खाली दाबून सोडा आणि सहाही तारांचा काटा बघा. मग जी पूर्ण स्वराने ओढून सोडा आणि पुन्हा बघा. एकच तार भटकली तर ती नटची किंमत आहे, घासाघीस करा. सगळ्या एकदम भटकल्या तर ब्रिज उचलून धार आणि खांब उजेडात बघितल्याशिवाय पैसे काढू नका. विकणारा दांडा हरवला म्हणत असेल तर भोकात टॉर्च मारून आटे शाबूत आहेत का ते बघा. बऱ्याचदा दांडा हरवलेला नसतो, तो बसत नसतो.